सिमेंट संपतं तिथे

आमच्या कलकत्त्याच्या घरमालकांना संध्याकाळी वर येऊन आमच्या भिंतीला हात लावायची सवय होती. दार वाजवायचे, चपला बाहेर काढायचे आणि आम्ही "बसा" म्हणेपर्यंत थेट झोपायच्या खोलीत पोचलेले असायचे. पश्चिमेच्या भिंतीवर तळहात टेकवून, डोळे मिटून, ते जरा वेळ उभे राहत. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई हात लावते तसे. मग मान हलवून म्हणत, "आला."

पहिल्यांदा हे घडलं तेव्हा आमचं लग्न नवं होतं आणि घरही नवं होतं. बायको पदर सावरत स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिनं मला खुणेनं विचारलं, हे काय आहे? मला माहीत नव्हतं. नंतर कळलं, की 'आला' म्हणजे दुपारचा ताप. दुपारी भिंतीला बाहेरून ऊन लागतं, ते आत यायला निघतं आणि आम्ही ऑफिसातून दमून येतो त्याच सुमाराला तेही खोलीत दाखल होतं.

"भिंत पातळ आहे," ते म्हणाले, "बिचारा काय करणार?"

भिंतीला ते बिचारा म्हणत. त्यांचे आजोबा कलकत्त्याला आले, वडील इथेच वाढले आणि यांचा जन्मही इथलाच. मराठी स्वच्छ, पुण्याच्या माणसालाही नावं ठेवायला जागा नाही. फक्त बंगालीत वाढलेल्या माणसाला शब्दांच्या लिंगाची चौकशी करायची सवय नसते, तेवढी त्यांना नव्हती. बँकेनं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला माझी इकडे बदली केली तेव्हा कुणाच्या तरी हळदीकुंकवातून आम्हाला या घराचा पत्ता लागला. बालीगंजच्या एका गल्लीतलं दुमजली पक्कं घर. वर आम्ही, खाली काकू आणि मागच्या अंगणात काका.

काका जन्मभर एका कंपनीत इमारतींचे नकाशे काढत होते. हे घरही त्यांनीच बांधलेलं. "तुमचा खोली मी बिघडवला," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "पश्चिमेला एवढा पातळ भिंत आणि वर सपाट स्लॅब. मी तरुण होतो." मग ते छताकडे मान वर करत, पण फिरत्या पंख्याकडे मात्र पाहत नसत. पंखा म्हणजे घर बांधणाऱ्याचा माफीनामा, असं त्यांचं मत होतं. आमच्या खोलीत त्यांचा माफीनामा दिवसरात्र फिरत असे आणि ते नजर खाली करून निघून जात.

जात ते मागच्या अंगणात. तिथे फणसाच्या झाडाशेजारी त्यांनी मातीचं घर बांधलं होतं आणि निवृत्त झाल्यापासून ते त्यातच राहत होते.

त्या घराबद्दल मला जे कळतं ते मी विचारल्यामुळे नाही. भिंती हातभर जाड. गंगेची चिकणमाती, भाताचा कोंडा, चिरलेला पेंढा, सगळं पायांनी तुडवून एकेक थर चढवलेला. खालचा वाळल्याशिवाय वरचा नाही. इतक्या जाड भिंतीत दुपारचं ऊन शिरलं तरी पलीकडे पोचेपर्यंत रात्र होते, म्हणजे ऐन दुपारी आत गारवा. पश्चिमेला खिडकीच नाही. दक्षिणेची खिडकी खाली आणि मोठी, उत्तरेचा झरोका वर छपराला चिकटून, कारण वारा खालून येतो आणि गरम हवा वरून जाते. गवताच्या छपराखाली बांबूंवर मातीचा जाड लेप दिलेलं छत, म्हणजे छप्पर तापलं तरी खोलीला त्याचा पत्ता नाही. जोतं उंच. जोत्याची माती जिथून काढली तिथे खड्डा, खड्ड्यात पाणी, पाण्यात डास. डास नकाशात नव्हते, ते आपले आपण आले.

नवा पाहुणा आला की काका त्याला एकदम आत नेत नसत. अंगणात भर उन्हात एक लोखंडी खुर्ची ठेवलेली होती. "बोशुन, बोशुन," म्हणून पाहुण्याला आधी तिच्यावर बसवायचं. पाहुणा घामाघूम झाला, की त्याला आत न्यायचं आणि विचारायचं, "कसं वाटतं?" साताऱ्याहून माझे वडील आले होते त्यांनाही खुर्ची चुकली नाही. आत आल्यावर वडील म्हणाले, "फार बरं वाटतंय." काका माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहिलंत? माझ्याशी काही संबंध नसलेला माणूस आहे हा."

आत शिरायचं तर वाकावं लागे. पुढचं छप्पर इतकं खाली आलेलं होतं, की धडधाकट माणूस सरळ चालत गेला तर कपाळमोक्ष. छप्पर जितकं खाली तितकी भिंत उन्हापावसापासून लांब, हे मला समजत होतं. पण एवढं खाली कशाला, हे समजत नव्हतं. खुद्द काकांना रोज लागायचं. कपाळावर एक कायमचा टेंगळासारखा उंचवटा आला होता. मी एकदा सुचवून पाहिलं, की एक वीतभर छाटलं तर?

"प्रमाण बरोबर आहे," काका म्हणाले. "माझा कपाळ चुकतो."

गल्लीत त्यांना माटीबाबू म्हणत. मूळचे बागबाजारचे एक वृद्ध गृहस्थ शेजारी राहत, त्यांना आपल्या मराठी शेजाऱ्याची थट्टा केल्याशिवाय सकाळचा चहा पचत नसे. कठड्यावरून ते म्हणायचे, तुमच्या मराठा स्वारांच्या भीतीनं आमच्या पूर्वजांनी या शहराला खंदक खणला. तरी शेवटी तुम्ही आलातच, आणि आता खणायलाही लागलात! काका यावर नीट विचार करत. "खंदक चुकीच्या बाजूला होता," ते शांतपणे सांगत. "दक्षिणेला हवा होता. वारा पाण्यावरून आला असता."

काळबैसाखीचं, म्हणजे इकडच्या वळवाचं, पहिलं वादळ झालं त्या संध्याकाळी हे गृहस्थ आणि गल्लीतले आणखी काहीजण छत्र्या घेऊन आमच्या जिन्यात उभे होते. "बृष्टी होले की होबे, माटीबाबू?" म्हणजे पाऊस आला की तुमचं काय होणार, हा प्रश्न ते वर्षभर विचारत होते आणि आता उत्तर प्रत्यक्ष पाहायला आले होते. वारा सुटला, गवताच्या दोन-चार काड्या उडाल्या, पाणी छपरावरून लांब पडलं आणि भिंती कोरड्या राहिल्या. गळली ती आमची स्लॅब. मंडळी आमच्याकडे बादल्या लावायला मदत करून गेली.

सगळी गल्ली त्या घरात जाऊन आली होती. एकच व्यक्ती गेली नव्हती, ती म्हणजे काकू.

तळमजल्याच्या स्वयंपाकघरामागे सिमेंटचा एक पट्टा होता. तो जिथे संपतो तिथून काकांची माती सुरू होत असे. काकू त्या पट्ट्याच्या कडेपर्यंत येत आणि थांबत. सकाळचा चहा तिथे, दुपारचं ताट तिथे. काका पलीकडून येत, अलीकडे चढत, काकूंबरोबर स्वयंपाकघरात बसून जेवत, आणि परत मातीत. दोघांत भांडण नव्हतं. पट्ट्यावर उभं राहून ती दोघं सगळं बोलत: बाजारात माशांना काय झालंय, मुंबईच्या मुलीचं पत्र का नाही आलं. बोलणं संपत आलं, की काका दररोज म्हणत, "आत येऊन पाहतेस?" आणि काकू म्हणत, "दूध उतू जाईल."

एका संध्याकाळी आमच्या भिंतीवर हात ठेवलेला असतानाच काकांनी मला त्यामागची गोष्ट सांगितली. आम्ही यायच्या आदल्या वर्षी, उन्हाळ्यात, काकू चुलीपाशी चक्कर येऊन पडल्या होत्या. खालचं स्वयंपाकघर आमच्या झोपायच्या खोलीच्या बरोबर खाली, त्याच पातळ भिंतीला लागून. "डॉक्टर म्हणाला, हिला गारव्यात ठेवा, नाहीतर पुढचा उन्हाळा जड जाईल. मी म्हटला, गारवा आता कुठून आणू? आणि मग आठवला, की मी जन्मभर घरं बांधतोय." भिंतीवरचा हात त्यांनी काढला नव्हता. "तिला सांगितला, प्रयोग आहे."

मला फार वाईट वाटलं. बायकोचा जीव वाचावा म्हणून माणसानं घर बांधावं आणि बायकोनं त्यात पाऊलही टाकू नये, हा मला हट्टीपणा वाटला. मी जेवताना बायकोला तसं म्हणालोही. तिनं वाढता वाढता हात थांबवला. काकूंबरोबर शेंगा सोलताना तिनं त्यांना हेच विचारलं होतं, आणि काकूंनी उत्तर दिलं होतं.

"कुणासाठी बांधलंय ते मला कळत नाही होय?" काकू म्हणाल्या होत्या. "मी मातीच्याच घरात जन्मले, आमच्या मराठवाड्यात. हातभर भिंती, वर माळवद. गार होतं का? होतं की! वडील आणि भाऊ दुपारचे घोरत पडायचे त्या गारव्यात. मी आणि आई मागे उन्हात शेण कालवत असायचो. आठवड्याला भुई सारवायची, सणाला भिंती. हात फुटायचे गं. जेवायला बसलं, की तिखट झोंबायचं बोटांना. लग्न होऊन इथे आले आणि ही लाल गुळगुळीत फरशी पाहिली. ओलं फडकं फिरवलं की झालं! कुणी नाही असं पाहून पहिल्या दिवशी मी तिच्यावर गाल टेकवला होता. ह्यांना त्या घरात गारवा दिसतो. मला ते पोतेरं दिसतं."

मी आमटी पुन्हा मागितली एवढंच.

काकांच्या घराला सारवायला लोकलनं दूरच्या खेड्यातून एक बाई येत असे. एका दिवाळीनंतर ती लेकीकडे गेली ती परत आलीच नाही. दुसरी मिळेना. हळूहळू भुईचे पापुद्रे निघायला लागले, भिंतीला भेगा पडल्या, एका कोपऱ्यात वाळवीनं आपला रस्ता काढला. काका केसांत धूळ घेऊन हिंडू लागले. आणि एका रविवारी सकाळी, आम्ही वरच्या गॅलरीत दात घासत असताना, खाली पट्ट्यावर बोलणं सुरू झालं.

"बाई मिळत नाही," काका म्हणाले.

"बरं."

"तुझ्या ओळखीत कोणी—"

"बाई कशाला हवी? तुम्ही आहात की."

"मी?"

"ऊन कुठून येतं ते काढलंत. वारा कुठून जातो ते काढलंत. सारवणार कोण, ते कुठे काढलंय त्या नकाशात?"

दुसरा कुणी असता तर चिडला असता, किंवा हसला असता. काका आत गेले, कपाळ आपटून घेतलं, नकाशांची गुंडाळी घेऊन बाहेर आले आणि ते सगळे कागद त्यांनी पट्ट्यावर पसरले. चष्मा लावून, गुडघ्यांवर बसून, प्रत्येक कागद कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासला. काकू चहाचा कप हातात धरून उभ्या होत्या. आम्ही तोंडातला फेस तसाच ठेवून पाहत होतो.

"नाही," काका शेवटी म्हणाले. "राहून गेला."

"मग आता घाला त्यात. उन्हाळ्यापर्यंत सगळं घर तुमच्या हातानं सारवा. बाई नाही, गडी नाही. केलंत, तर मी येईन."

काकांनी कागद गुंडाळले. "शेण कुठे मिळतं?" त्यांनी विचारलं.

शेण रेल्वेलाइनच्या पलीकडच्या म्हशींच्या गोठ्यात मिळत होतं. तिथून काका बादली घेऊन पायी येत, धुतलेलं धोतर, इस्त्रीचा बंगाली झब्बा आणि हातात ती बादली. एकदा मी आमच्या मॅनेजरसाहेबांबरोबर गरियाहाटच्या ट्रामथांब्यावर उभा असताना समोरून ते आले. साहेब नाकाला रुमाल लावून मागे सरकले. मी म्हणालो, "हे माझे घरमालक." काकांनी बादली खाली ठेवून साहेबांना नमस्कार केला आणि त्यांना दिलासा द्यावा म्हणून सांगितलं, "ताजा आहे."

पहिल्या दिवशी त्यांनी दारापासून सारवायला सुरुवात केली. सरळ रेषेत, पट्टी धरल्यासारखं, मागे मागे सरकत, फार सुबक काम. ते संपलं तेव्हा काका पलीकडच्या कोपऱ्यात होते आणि त्यांच्या आणि दाराच्या मध्ये सगळी ओली भुई. तिथेच गुडघे पोटाशी घेऊन ते बसून राहिले. पट्ट्यावर चहा निवून गेला.

"आतून बाहेर यायचं असतं," काकूंनी लांबून सांगितलं.

"आता कळला," आतून आवाज आला.

भुईनंतर भिंती. थंडी पडली, कलकत्त्यात थंडी म्हणजे काही फार नाही, पण ओल्या मातीत हात घालणाऱ्याला पुरते. काका शिकत गेले. शेण किती, माती किती, पोतेरं कसं गोल फिरवायचं. काकू पट्ट्याच्या कडेवरून पाहत आणि क्वचित म्हणत, "पातळ झालंय." काका पुन्हा कालवत. संध्याकाळी आमच्या भिंतीला हात लावायला येत तेव्हा आता भिंतीवर त्यांच्या बोटांचे मातकट ठसे उमटत आणि माझ्या बायकोला ते पुसवत नसत.

संक्रांतीला काकूंनी आम्हाला खाली जेवायला बोलावलं होतं. मिरचीचा ठेचा वाढला होता. काकांनी भाकरीचा तुकडा त्याला लावला आणि हात एकदम मागे घेतला. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या.

"झोंबतं," ते म्हणाले. आश्चर्यच वाटलं होतं त्यांना. बोटांकडे पाहत राहिले, मग काकूंच्या बोटांकडे. "तुला असं व्हायचं?"

काकूंनी त्यांना भाजी वाढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्याच्या कडेवर चहाच्या कपाशेजारी एका वाटीत कोकमतेल होतं.

मग उन्हाळा आला. त्या वर्षी वीज जाण्याला काही धरबंध राहिला नव्हता. एके दिवशी शहरात बंद होता, ट्राम नाही, बस नाही, म्हणून मी घरी होतो. भर दुपारी वीज गेली. आमचा पंखा दोन फेऱ्या उगाच मारून थांबला. खोली तापत गेली. मी आणि बायको ओला टॉवेल खांद्यावर घेऊन गॅलरीत आलो, तेव्हा खाली काकू स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्या असलेल्या दिसल्या. चेहरा लालबुंद, डोळे मिटलेले. बायको "अगंबाई" म्हणून जिन्याकडे धावली, पण तेवढ्यात काकूंनी डोळे उघडले, आत जाऊन उशी आणि चटई आणली आणि पट्ट्यावर आल्या.

काका आपल्या दारात बसले होते. ते उठून उभे राहिले. "आत येऊन पाहतेस?" हा प्रश्न त्यांनी त्या दिवशी विचारला नाही. बाजूला झाले फक्त.

काकू सिमेंटवरून मातीवर उतरल्या. अंगण ओलांडलं. जोत्याची पायरी चढल्या. आणि सरळ आत गेल्या.

मी ज्यांना ज्यांना त्या घरात शिरताना पाहिलं होतं, ते सगळे वाकले होते. माझे वडील, बागबाजारचे गृहस्थ, आम्ही दोघं. काकू वाकल्या नाहीत. त्या बुटक्या होत्या. छपराची कड त्यांच्या केसांवरून बोटभर अंतर सोडून गेली. मी गॅलरीचा कठडा धरून उभा होतो. कपाळावर इतकी वर्षं टेंगूळ बाळगणारा तो माणूस खाली उन्हात उभा राहून तेवढंच बोटभर अंतर पाहत होता.

दुपारभर त्या झोपल्या. काका दाराशी बसून राहिले. बागबाजारचे गृहस्थ कठड्यावरून काहीतरी बोलायला आले, काकांनी त्यांना हातानंच परत पाठवलं. संध्याकाळी काकू बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला नव्हता, निवला होता. पदरानं मान पुसत त्या पट्ट्यावर येऊन उभ्या राहिल्या.

काकांनी विचारलं. ते विचारल्याशिवाय राहणं त्यांना शक्य नव्हतं. "कसं वाटला?"

"गार आहे," काकू म्हणाल्या. "सारवलंयही बरं. पण आपली इथली हवा दमट, घाम वाळत नाही. एक पंखा लावा."

मी वरून काकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस वाऱ्याची दिशा सांगेल, उत्तरेचा झरोका दाखवील. काकांनी झरोक्याकडे पाहिलं खरं. मग म्हणाले, "उद्या आणतो."

आणला. दुकानदाराला तो कुठे लावायचा आहे हे सांगायला त्यांना लाज वाटली नाही. काकूंच्या स्वयंपाकघरातून वायर निघाली, पट्ट्यावरून गेली, अंगण ओलांडून छपराखाली शिरली आणि बांबूच्या छताखालच्या आडव्या तुळईला, मधोमध, एक पांढरा पंखा लटकू लागला. काका त्याच्याकडे नजर वर करून पाहत, चांगलं टक लावून.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी भाड्याची पावती घ्यायला खाली गेलो. वीज नेहमीप्रमाणे गेलेली होती. मी वाकून आत डोकावलो. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी काही दिसेना. मग दिसलं. काकू भिंतीकडे तोंड करून गाढ झोपल्या होत्या, एक तळहात भिंतीवर टेकलेला. वर तो पांढरा पंखा बंद होता. आणि उशाशी मांडी घालून काका ताडाच्या पानाचा पंखा हलवत बसले होते, सावकाश, त्याची झुळूक नेमकी काकूंच्या मानेवर जाईल अशी.

माझी चाहूल लागली तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. हात दुखत असेल ना, असं मी खुणेनं विचारलं.

काकांनी हात बदलला.